मेहिटेबलचा केक आणि निळी फीत

सुज्ञ वाचकहो, माझ्या गृही घडलेला एक गंभीर प्रसंग येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

‘अक्रोडाएवढे लोणी, मूठभर पीठ’ असले अंदाज हद्दपार करून पेल्याने मोजावयास शिकविणारे अमेरिकेतील पहिले पाकपुस्तक माझी पत्नी मेहिटेबल हिने लिहिले. व्हर्मांटच्या जत्रेत उत्तम केकची निळी फीत, म्हणजे पहिले बक्षीस, सात वर्षे तिचीच. यंदा मात्र ती फीत शेजारच्या प्रुडन्सने पटकावली, जी कालपरवापर्यंत लापशीसुद्धा करपवीत असे.

"मेहिटेबलबाई, तुमचंच पुस्तक समोर ठेवून केला हो!"

घरी मी भीतभीत म्हणालो, "अगं, तू तर मुठीनंच पीठ घातलंस. पुस्तक उघडायचं होतंस की!"

 

"म्हणजे? लिहायचंही मीच आणि वाचायचंही मीच?"

 

वाचनाबद्दल आभारी, हरलेला केक एकट्याने संपवीत असलेला,
एझ्रा विनस्लो