पाटावरचा नारळ

दसऱ्याला गुणवंताने नारळ फोडला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

दसऱ्याची कॉम्प्युटरची पूजा त्याची बायको वंदना करायची. तिच्या जाण्याने मागचा दसरा दुखवट्यात गेला. यंदा त्याने स्वतः कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पडद्यावर बायकोचा फोटो दिसत राहावा म्हणून कॉम्प्युटर चालूच ठेवला. ती नारळ उंबऱ्यावर फोडायची. त्याने डबा ठेवलेल्या पाटावरच आपटला. आतून टकटक आवाज आला आणि फोटो गेला.

त्या डब्यात भुलाबाईची गाणी होती. तिगाव-मोहगावच्या म्हाताऱ्या बायांकडून शिकून वंदनाने आपल्या आवाजात भरून ठेवलेली. कोजागिरीला काकूंच्या आवाजातली गाणी लावू, असं शेजारच्या डिंपलने गल्लीतल्या पोरींना सांगून टाकलं होतं.

आज कोजागिरी होती. गुणवंता सकाळपासून पांढुर्ण्याच्या बाजारात नितीनच्या दुकानात स्टुलावर बसला होता. जुन्या हार्ड डिस्कमधून जेवढं निघालं तेवढं नितीनने नव्या डिस्कवर उतरवलं होतं. जुनी त्यानंतर पार गेली. आणि नवी लावली तर कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ येत होती. नितीनने केबल बदलली, सेटिंग बदलली. पुन्हा तीच ओळ.

“काय म्हणते?”

“ऑपरेटिंग सिस्टिम नाही भेटून राहिली म्हणते.” नितीनने कपाळ पुसलं. “काकाजी, पूजेत नारळ फोडाले सांगते, डिस्क नाही.”

गुणवंता हसला नाही. नितीन मग समजावू लागला. नवीन विंडोज टाकलं तर अर्ध्या घंट्यात चालू होईल, फक्त आधी डिस्क साफ करावी लागेल.

“साफ म्हणजे गाणे बी?”

“सगळंच जाते नं, जी.”

गुणवंताने डब्यावर हात ठेवला. कुंकू अजून तसंच होतं. “मंग राहू दे. बंदच राहू दे.”

मग नितीन म्हणाला, डिस्क स्वतः सुरू होत नसली तरी दुसऱ्या मशीनवर वाचता येते का पाहू. त्याने डिस्क काढून दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडली. बऱ्याच वेळाने गाण्यांची नावं दिसली. पहिलं उघडलं नाही. दुसरंही नाही. गुणवंता स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

तिसऱ्याला आधी नुसती घरघर आली. मग टिपऱ्यांचा ठेका, आणि वंदनाचा आवाज. दोन ओळी म्हणून ती मध्येच थांबली.

“अहो, पंखा बंद करा नं जी. आवाज येऊन राहिला त्याचा.”

गुणवंताने हात लांब करून दुकानाचा पंखा बंद केला.

नितीनने त्याच्याकडे पाहिलं. ऑक्टोबरची दुपार होती, दोघांच्याही अंगाला घाम सुटला होता. गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.

बाकीची गाणी उघडून पाहायची अजून राहिली होती.