घडीचे सात

पत्र्याची दुसरी पेटी सात मिलीमीटर जास्त रुंद झाली होती. आम्रपालीने तीनदा टेप लावला. तिन्ही वेळा सात.

सकाळची पहिली पेटी नेमकी सातच मिलीमीटर अरुंद निघाली होती. उकव्याकडच्या एका खाणीतल्या पंपाचा स्टार्टर तीत बसवायचा होता. इलेक्ट्रिशियन महेंद्र तो लोखंडी प्लेटवर कसून बालाघाटला आम्रपालीच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला होता. पहिल्या पेटीत प्लेट शिरलीच नाही. या पेटीत ती खुळखुळत होती. बोल्ट भोकांपर्यंत पोचत नव्हते. खाणीत पाणी चढत होतं. महेंद्र बाहेर जीपपाशी जाऊन फोन लावत राहिला.

आम्रपाली पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. पत्रा वाकवला की घडीत ताणतो, म्हणून दर घडीमागे साडेतीन मिलीमीटर आधीच कमी धरायचे. दोन घड्या, सात. पहिल्या ड्रॉइंगमध्ये तिने ते धरले होते. तरी पेटी अरुंद आली, तेव्हा आपलंच गणित उलटं झालं असं समजून दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये तिने ते सात गुपचूप परत जोडले. मग आता रुंद कशी? आकडे पाहता पाहता तिला दोन अधिक दोनचीही खात्री वाटेनाशी झाली.

शेवटी ती उठून कटिंग मशीनपाशी गेली. तिचे वडील खेमराज तिथे उरलेल्या पट्ट्या गोळा करत होते.

"बाबा, ड्रॉइंगमधला आकडा होता तसाच कापला ना?"

"दुसऱ्या बारीले तसाच कापला."

"अन् पहिल्या?"

"घडीचे सात मी काढून टाकले. ड्रॉइंगवाले कोणीच धरत नाही ते. मले वाटलं, तुयेही राहून गेले असतीन. महेंद्रसमोर तुले कायले सांगू?"

"मंग दुसऱ्या बारीले काहून नाही काढले?"

"पेटी बारकी आली तवा समजलं, तू धरले होते. मंग म्या हात नाही लावला. आकडा बदललेला दिसला, पण इचारलं नाही."

"मले वाटलं मीच चुकली," ती हळूच म्हणाली. "म्हणून ते सात मी वापस जोडले."

बाबांनी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. मग दोघांनी मिळून तिसरा पत्रा टेबलावर ओढला. बाबांनी आखायची सुई घेतली आणि ती पत्र्यावर टेकवून थांबले.

आम्रपालीने कागद पाहून पुटपुटत आकडा सांगितला.

"मोठ्यानं सांग," बाबा म्हणाले. "बाहेर आयकू गेलं तरी चालते."