निळ्या रिबिनीच्या झावळ्या

शांतवन साळवे यांचा श्वास थांबला आणि उशाशी ठेवलेला पडदा उजळला. मरणाऱ्याला शेवटच्या क्षणी जे दिसतं, ते त्यावर उमटायचं. न्यायला कोण आलंय ते घरच्यांना बघता यावं म्हणून हल्ली प्रत्येक दवाखान्यात तो लावत. गेल्या सात वर्षांत न्यायला आलेला प्रत्येक जण आधीच वारलेला निघाला होता.

"केवढी माणसं आलीयत पप्पांना न्यायला!" त्यांची मुलगी एस्तेर रडत म्हणाली.

पांढऱ्या उजेडात मोठा समुदाय उभा होता. सगळ्यांच्या हातात झावळ्या होत्या.

"बायबलात, प्रकटीकरणात लिहिलंय तस्संच," त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब गहिवरून म्हणाले.

एस्तेर पडद्याजवळ गेली आणि थबकली.

"पाळकसाहेब, झावळ्यांना ही निळी रिबीन... चर्चमधल्या उद्याच्या झावळ्यांच्या रविवारासाठी मीच बांधलीय ती, आज सकाळी. आणि ही मुलगी तर आपली सुवार्ता. हे डेव्हिडमामा. हे सगळे जिवंत आहेत!"

पाळकसाहेबांनी एकेक चेहरा पाहिला. त्यांच्या चर्चची अख्खी मंडळी तिथे होती. ते स्वतः आणि एस्तेर, एवढे दोघंच नव्हते.

त्यांनी चर्चच्या राखणदाराला फोन लावला.

"मंडळी कुठे आहे रे?"

"तिकडेच आली की, साहेब. साळवेआजोबांना झावळ्या दाखवायला घेऊन या, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? सगळे एकाच बसने घाट उतरून येणार होते. निघून दोन तास झाले. का? अजून पोहोचले नाहीत?"