नाटकगृहातलं शेवटचं पद

कल्याणला खाडीकाठी एका विद्यालयाच्या मालकीचं नाटकगृह होतं. पोरं श्लोक विसरली आणि नाटकातली पदं घोकू लागली, म्हणून विद्यालयाच्या पंचांनी ते बंद केलं. तुमचा विश्वास बसो न बसो, बाकं गाडीवर लादून नेली त्या दुपारी मी तिथंच होतो.

नायिकेची कामं करणारा विसूभाऊ म्हणाला, "निघण्याआधी एक पद म्हणतो." दुसऱ्या दिवशी त्याला नव्या नाटक मंडळीत गाऊन दाखवायचं होतं. गळा हीच त्याची भाकरी.

पद संपलं आणि समोरच्या रिकाम्या फरशीवरून आवाज आला, "वन्स मोअर!"

पडदा ओढणारा भिवा कोळी हसला. "भाऊ, भुतंपन फुकट बगाया आली!"

वन्स मोअर आला की नटानं नाही म्हणायचं नाही, ही रीत. विसूभाऊ पुन्हा गायला. पुन्हा वन्स मोअर. हळूहळू आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तोंड मिटेना. मी हात धरून ओढलं, तर तो जागचा हलेना.

"गला फुटंल तुजा! पुरं कर नं!" भिवा ओरडला आणि त्यानं दोर सोडला.

पडदा धाडकन खाली आला. पलीकडे चिडीचूप. विसूभाऊ माझ्या खांद्यावर कोसळला. "वाचलो रे," तो घोगरं बोलला.

तेवढ्यात वन्स मोअर आला. या खेपेला पडद्याच्या आतून, आम्हा तिघांच्या पाठीमागून.

विसूभाऊनं तोंड उघडलं.