जीपचा पट्टा

माझ्या मालकांनी लिलावात घेतलेल्या जुन्या जीपच्या इंजनाचा पट्टा असा किंचाळायचा, की गाडी फाट्यावरून वळली तरी मला चुलीपाशी कळायचं. तो आवाज रोज सुमनबाईच्या दारापुढं थांबायचा. पुन्हा सुरू होईस्तोवर माझ्या दोन भाकरी करपायच्या.

मागं भुजंग मिस्त्रीनं पट्टा बदलला, तर जीप मुकीच झाली. मालक सुमनबाईकडं थांबले का, किती वेळ थांबले, काहीच कळंना. आठ दिवस माझी एक भाकरी धड झाली न्हाई. नवव्या दिवशी पट्टा पुन्हा किंचाळला.

आज मिस्त्री तिसऱ्यांदा घरी आला. पट्टा अंगठ्यानं दाबून म्हणाला, "पट्टा नवाच हाय, किशनराव. डायनामोचा नट ढिला झालाय, म्हणून पट्टा घसरून वरडतोय. मी आवळून जातो, ह्यो पुन्हा ढिला. आसं कसं व्हायलाय?"

"जुनी गाडी हाय, हादऱ्यानं होत आसंल," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळले, "ह्या नटाचा तेरा नंबरचा पाना घरातच होता. तुला दिसला का गं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत मी भाकरीचं पीठ घ्यायला उठले.



पिठाच्या डब्यात पाना वर आला होता. मी त्यावर आणखी दोन मुठी पीठ लोटलं.