केशराच्या डब्या

डोहाळजेवणाला आलेली प्रत्येक बाई वहिनीच्या ओटीत नारळाबरोबर केशराची डबी ठेवत होती, तेव्हाच माझं डोकं सणकलं होतं.

"रोज दुधातून घे गं," मोठी काकू तिला म्हणाली. "बाळ गोरंपान होईल. तुझ्या रंगावर गेलं तर पंचाईत."

बायका हसल्या. वहिनी काळी आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून आमच्याकडे सावळी म्हणतात, एवढंच. माझी आईही त्याच रंगाची, पण मोठ्या जावेपुढे बोलायची तिला सवयच नाही. ती खाली मान घालून बसली.

वहिनी ओटी सावरत स्वयंपाकघरात गेली. रडत असेल म्हणून मी मागे धावले. तर ती शांतपणे एकेक डबी कोमट दुधात रिकामी करत होती. ते सगळं दूध तिने श्रीखंडात ओतलं.

"ढवळ," मला म्हणाली.

जिचं डोहाळजेवण तिने वाढायचं नसतं, पण श्रीखंडाचं पातेलं घेऊन पंगतीत तीच आली.

श्रीखंडाचा गर्द केशरी रंग बघून काकू दचकली. "सगळं केशर संपवलंस?"

"हो. गोऱ्या रंगाची हौस तुम्हाला आहे, काकू, माझ्या बाळाला नाही," वहिनी हसून म्हणाली आणि तिने काकूच्या ताटात डावभर श्रीखंड वाढलं. "पोटभर घ्या."

मग ती आईपुढे आली. आईने ताटावर हात आडवा धरला.

"मला नको," जावेकडे बघत आई म्हणाली. "मी आहे तशीच बरी."