जवळचा भविष्यकाळ

“मी जेवणार आहे,” विजयमालानं वहीतून वाचलं.

“ज वे मांज,” खाटेवर बसलेला अंकुश म्हणाला.

वहीत ‘ज वे मांजे’ असं होतं. मोनिकानं कॉलेजला जाण्याआधी बापासाठी वीस वाक्यं लिहून ठेवली होती. डावीकडे मराठी, उजवीकडे फ्रेंच, तेही देवनागरीत. अंकुशनं शेवटची मात्रा गिळलेली विजयमालाला स्वच्छ कळलं. तरी तिनं पेन्सिल उचलली आणि वाक्यापुढे बरोबरची खूण करून टाकली.

उद्या अकरा वाजता नागपूरचा एजंट मोबाइलवर त्याची तोंडी परीक्षा घेणार होता. वीसपैकी पंधरा वाक्यं जमली की तीन वर्षांसाठी आफ्रिकेत, गॅबॉन देशातल्या मॅंगनीजच्या खाणीत. इथे चिखल्याच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली एकोणीस वर्षं ड्रिल मशीन धरलेल्या माणसाला काम नवं नव्हतं. दगडही तोच काळा. परकी होती ती फक्त भाषा. पंधरा नाही जमली तर माणूस घरी. सगळं काही या वाक्यांवर अडलेलं होतं, आणि पेन्सिल विजयमालाच्या हातात होती.

नियम पोरीनं पानाच्या डोक्यावर लाल अक्षरात लिहिला होता. आता लगेच होणारी गोष्ट सांगायची तर आधी ‘जाणे’चं रूप घ्यायचं. मी असेन तर ‘वे’, दुसरं कोणी असेल तर ‘वा’. मग जे करायचं ते क्रियापद मूळ रूपात, जसंच्या तसं. म्हणजे जेवणार म्हणायचं तर ‘जातो जेवणे’, झोपणार म्हणायचं तर ‘जातो झोपणे’. खाणीच्या वस्तीत पाळीला निघालेला माणूस दारातून ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ म्हणाला तर बायको त्याला परत आत घेते, पाणी पाजते, मग सोडते. आणि इथे सकाळपासून नवरा घरात बसून जातो, जातो करत होता. किती वेळा पाणी पाजणार?

“मी झोपणार आहे.”

“ज वे दोर्म.”

हेही चूक. हिनं खूण केली. मी काम करणार आहे, मी पाणी पिणार आहे, सगळीकडे तो शेपटी तोडत गेला आणि ती खुणा करत गेली. अंकुशचा चेहरा खुलला. बेचाळिसाव्या वर्षी आपल्याला परदेशी भाषा येऊ लागली म्हणून त्यानं मांडीवर थाप मारली.

“जमून राहिलं ना?”

“जमून राहिलं,” विजयमाला म्हणाली, आणि शेजारच्या सुपातल्या तांदळातला खडा शोधू लागली. तिला लाज वाटत होती. पण नवऱ्याला बुडवायचं म्हणून थोडंच होतं हे, ठेवून घ्यायचं म्हणून होतं.

नववं वाक्य आलं. “छत पडणार आहे.”

“ल त्वा वा तोंब.”

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. वहीत ‘तोंबे’ होतं. नापास झाला तर बरंच. पण नशिबानं पास झाला तर? तिकडे जमिनीच्या पोटात कोणी हे वाक्य ओरडेल, आणि ह्याच्या कानाला त्याची ओळखच पटणार नाही.

“चुकलं,” ती म्हणाली. “तोंबे. शेवटी बे हाये.”

“तोंबे.”

“पुरं म्हणा. मोठ्यानं म्हणा, मशीन चालू असल्यावानी.”

तिनं ते त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या पंचफुलानं काय झालं म्हणून डोकावून पाहिलं, तरी हिनं थांबू दिलं नाही. दहाव्या वेळी अंकुश स्वतःच थांबला.

“अन् मंग बाकीच्यात बी तसंच हाये का? शेवटचं खायचं नाई?”

अजूनही खोटं बोलता आलं असतं. तिनं वहीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“नाई खायचं. समद्यात तसंच हाये.”

“मंग तू काहून नाई सांगतलं?”

विजयमाला सुपातले तांदूळ चाळवू लागली. अंकुशनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं पहिल्यापासून सगळी वाक्यं घ्यायला लावली. मांजे. दोर्मीर. ज्या माणसाला नियम कळत नव्हता त्याला तो तिनंच शिकवला होता, आणि आता तो सरळ रस्त्याला लागल्यासारखा निघाला होता. पंधरा झाली, सोळा झाली, एकोणीस झाली. उद्या हा पास होणार, यात आता तिला करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

विसावं वाक्य तिनं सावकाश वाचलं. वाचून झाल्यावरही मान वर केली नाही.

“मी इथंच राहणार आहे.”

“ज वे रेस्ते ईसी,” अंकुश म्हणाला. एकही मात्रा गळाली नव्हती.

“ज वे म्हंजे जातोच ना?”

“हो.”

“राहतो म्हणायले बी पयले जातोच म्हणा लागते का जी?”

अंकुशचं उत्तर तर बरोबरच होतं. विजयमालानं वाक्यापुढे खूण केली.